हार्ड डिस्क : यांत्रिक बिघाड व माहितीची पुनःप्राप्ती

संगणकातील माहिती फिरत्या तबकड्यांवर चुंबकीय रूपात साठविणारे साधन. आयबीएम कंपनीने ते १९५६ मध्ये प्रथम प्रचारात आणले. ॲल्युमिनियमाच्या वा काचेच्या तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असतो. तबकडी मिनिटाला सामान्यतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते व वाचन-लेखन शीर्ष वायूच्या पातळ थरावर तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते.

धक्का बसल्यास किंवा धूलिकण शिरल्यास शीर्ष तबकडीवर घासून थर खरवडला जातो. त्या जागेवरील माहिती कायमची नष्ट होते. धारवा अडकणे, चलित्र बंद पडणे वा केवळ शीर्ष निकामी होणे या बिघाडांत मात्र तबकडी शाबूत राहिल्यास माहिती बहुधा परत मिळते.

शीर्षाला मार्ग न सापडल्यास ते पुनःपुन्हा मूळ जागी परतते व टकटक असा आवाज येतो. अशा वेळी वीजपुरवठा त्वरित तोडावा. साधन चालू ठेवल्यास हानी वाढते. त्याची पेटी घरी उघडू नये. तज्ञ धूलिमुक्त कक्षात शीर्षे बदलतात व प्रथम तबकडीवरील माहितीची संपूर्ण प्रतिकृती दुसऱ्या साधनावर घेतात. पुढील काम त्या प्रतिकृतीवर चालते.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान नष्ट झाले. त्याच्या अवशेषांतील एका जळालेल्या हार्ड डिस्कवरून झेनॉनाच्या श्यानतेविषयीच्या प्रयोगाची सुमारे ९९% माहिती मिळविण्यात आली व निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि असे यश नेहमीच लाभत नसल्याने माहितीची प्रत अन्यत्र ठेवणे हाच खात्रीचा उपाय होय.