वारा पडेपर्यंत देवगड

2019 ची दिवाळी कोकणात कुणी विसरलेलं नाही. आकाशकंदील पावसात भिजत होते, कापायला आलेलं भात शेतात आडवं झालं होतं. मुंबईहून गोव्याला निघालेली आमची शिडाची बोट त्या दिवसांत देवगडच्या बंदरात नांगर टाकून होती. सोबतीला गुजरात-कर्नाटकचे ट्रॉलर, रत्नागिरी-मालवणच्या नौका, सगळ्या एकमेकींना खेटून.

निमित्त ‘क्यार’चं. हे वादळ कोकणावर आदळलंच नाही. 25 ऑक्टोबरला ते रत्नागिरीपासून सुमारे 200 किलोमीटरवर होतं, तिथून ओमानच्या बाजूला सरकलं आणि भर समुद्रात महाचक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात 2007 च्या ‘गोनू’नंतर एवढं मोठं हेच. जमिनीवर न येताही त्यानं किनारा झोडपला, याचं निम्मं कारण पंचांगात सापडतं. लक्ष्मीपूजन अमावास्येला येतं आणि अमावास्येला उधाणाची भरती असते. चंद्रसूर्याच्या ओढीनं पाणी आधीच चढलेलं, त्यात दूरच्या वादळानं पाठवलेल्या लाटा. किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत पाणी शिरलं ते त्यामुळे.

एरवी या दिवसांत हा प्रवास सुखाचा. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारनंतर वायव्येचा वारा पाठीशी घेऊन दक्षिणेकडे सरकत राहायचं. आता ते गणितच मोडलं होतं. ‘‘वारो पडांदे, मगे जावा,’’ शेजारच्या नौकेवरचे तांडेल म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले. दोरखंड जिथे लाकडावर घासतो तिथे ते जुन्या जाळ्याचे तुकडे गुंडाळत होते. एका रात्रीच्या घासणीत मनगटाएवढा दोर तुटतो, म्हणून ही काळजी. नांगराचंही तसंच. खोलीच्या पाच-सात पट साखळी सोडावी असा नियम, म्हणजे ओढ आडवी बसून नांगर चिखलात रुततो. पण एवढी साखळी सोडली की वारा फिरताच बोट मोठं रिंगण घेते, आणि भरलेल्या बंदरात तेवढी जागा कुठली? मग नौका एकमेकींना बांधायच्या, मध्ये टायर लावायचे आणि रात्री पाळीपाळीनं जागायचं.

इतक्या नौका नेमक्या इथेच का येतात, ते किल्ल्यावर चढल्यावर कळतं. समुद्रात घुसलेला डोंगर, त्याच्या टोकावर आंग्र्यांच्या काळातला किल्ला, आत गणपतीचं देऊळ आणि दीपगृह. या डोंगराच्या कुशीत, अरुंद तोंडातून आत शिरलं की बंदर. नैर्ऋत्येचा वारा दीपगृहाजवळ माणसाला उभं राहू देत नाही, आणि खाली नौकांवरची निशाणं मात्र जेमतेम हलत असतात. किल्ला शत्रूसाठी बांधला असेल, पण देवगडचा खरा तट हा डोंगरच आहे असं माझं मत झालं.

देवगडलाही बावटा लागलेला होता. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागल्याची बातमी एरवी आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. इशाऱ्यांची ही पट्टी 1 ते 11 अशी आहे. पहिले दोन दूर समुद्रातल्या वादळाचे, तीनपासून पुढचे खुद्द बंदराला धोका सांगणारे. अकराचा अर्थ सर्वांत विचित्र: हवामान खात्याशी संपर्कच तुटला आहे. बंदरातल्या माणसांना मात्र पान उलटता येत नाही. 11 नोव्हेंबर 2009 रोजी ‘फयान’ चक्रीवादळ आलं तेव्हा समुद्रात असलेले कोकणातले कितीतरी खलाशी घरी परतले नाहीत. बंदरात त्याचं नाव आजही आवाज खाली करून घेतात.

जमिनीवर पाय टेकले की पहिली ओढ सड्याची. जांभ्याचा हा सपाट माथा, झाडं बुटकी आणि सगळी एकाच बाजूला कललेली. पावसाळ्यात इथे सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. दिवाळीपर्यंत ती फुलं सरून गवत पिवळं पडायला हवं होतं, त्या वर्षी कातळावर अजून पाणी होतं. आंबा बागायतदारांचे चेहरे त्यामुळेच उतरलेले. हापूसला पावसाळ्यानंतर ताण लागतो. ऑक्टोबरात जमीन ओली राहिली की कलमांना नवी पालवी फुटते आणि मोहोर लांबतो.

सड्यावरची झाडं कलवणाऱ्या याच वाऱ्यासाठी देवगडला पवनचक्क्या आल्या. 1986 च्या सुमारास ओखा, तुतिकोरीन अशा किनाऱ्यांवर देशातली पहिली पवनऊर्जा केंद्रं उभी राहिली, देवगड त्याच पिढीतलं. तेव्हाचं एकेक यंत्र जेमतेम 55 किलोवॅटचं; आजची यंत्रं दोन-दोन हजार किलोवॅटच्या पुढे जातात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, त्यामुळे जागेची निवड हाच सगळा खेळ. कोकणात वारा पावसाळ्यात पिसाळतो आणि नंतर मवाळ होतो. पुढे महाराष्ट्राची मोठी पवनऊर्जा केंद्रं साताऱ्याच्या पठारांवर गेली, त्यात नवल नाही.

पाऊस उघडला त्या दिवशी विजयदुर्ग गाठला. किल्ल्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला ओढ होती गिर्ये गावच्या मराठा आरमाराच्या गोदीची. वाघोटनच्या खाडीत कातळ खोदून केलेला हा हौद. भरतीला जहाज आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, ओहोटीत पाणी काढून तळ दुरुस्त करायचा. विजयदुर्गच्या मुखाशी वाळूचा बांध साठत नाही, म्हणून खराब हवेतही आत शिरता येतं. कोकणातल्या बहुतेक खाड्या नेमक्या मुखाशीच दगा देतात. त्यात मराठ्यांची गलबतं उथळ तळाची. आमच्या बोटीचा कणा पाण्याखाली दोन मीटर. त्या गोदीकडे आम्ही नुसतं बघायचं.

किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरनं 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात हेलियम शोधला, असं सांगतात. लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होता. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्यानं ऑक्टोबरात, ग्रहणाविना पाहिली. या शोधात लॉकियरबरोबर ज्याचं नाव घेतात त्या जान्सेननं ग्रहण पाहिलं ते गुंटूरहून. शिवाय ऐन पावसाळ्यात, समुद्राला लागून असलेल्या विजयदुर्गावरून सूर्य बघायचा बेत ज्याला पटतो, त्यानं कोकणातला ऑगस्ट पाहिलेला नसावा.

देवगडला परतलो तर बावटा तसाच. क्यार ओमानकडे विरत असतानाच लक्षद्वीपजवळ ‘महा’ तयार झालं होतं. एकाच समुद्रात एकाच वेळी दोन चक्रीवादळं, ही फार क्वचित घडणारी गोष्ट. तांडेलांनी हसून आमच्याकडे पाहिलं आणि चहाचं आधण वाढवलं. कुणाची रजा संपत आली होती, कुणाच्या घरी भाऊबीज राहून गेली होती. मग बोट बंदरातच एका खलाशाच्या हवाली केली, शिडं उतरवून घडी केली आणि एसटीनं कणकवली गाठली. गोव्याची गाडी तासाभरानं होती.