फुटबॉलमधील बाजूची निवड आणि घरच्या मैदानाचे छोटे फायदे

फुटबॉलच्या नाणेफेकीकडे प्रेक्षक फारसे लक्ष देत नाहीत. क्रिकेटमध्ये नाणेफेकीवर अर्धा तास चर्चा होते, इथे मात्र कर्णधार हस्तांदोलन करून पळतात. तरी तिच्यात भूमिती आणि भौतिकशास्त्र भरपूर आहे, म्हणून ही टिपणे.

आधी नियम. १८६३ च्या इंग्लिश नियमावलीत नाणेफेक जिंकणारा गोलची बाजू निवडत असे, आणि प्रत्येक गोल झाल्यावर संघ बाजू बदलत. आज बाजू फक्त मध्यंतरानंतर बदलतात. १९९७ पासून २०१९ पर्यंत जिंकणाऱ्याला बाजूच निवडावी लागे, किक-ऑफ आपोआप दुसऱ्या संघाकडे जाई. २०१९ पासून तो बाजू किंवा किक-ऑफ यांपैकी एक निवडू शकतो. बाजू घेतली तर उत्तरार्धाची किक-ऑफ त्यालाच मिळते. किक-ऑफची किंमत काही सेकंदांचा ताबा एवढीच. बाजू मात्र पंचेचाळीस मिनिटे टिकते.

ती किती मोलाची हे सूर्यावरून काढू. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेपासून दिल्ली गेटचे आंबेडकर स्टेडियम चारेक किलोमीटरवर आहे. दिल्लीतल्याच एखाद्या मैदानावर २१ डिसेंबरला दुपारी ३:३० ला सामना सुरू होतो असे समजा, आणि मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण आहे असेही समजा. दिल्लीचा अक्षांश सुमारे २८.६ अंश. त्यावरून ३:३० ला सूर्य क्षितिजापासून साधारण २० अंशांवर असतो, पूर्वार्ध संपताना १३ वर, उत्तरार्धाच्या सुरुवातीला १० वर आणि ५:१५ ला जेमतेम २ अंशांवर. दिशेने तो ३:३० ला दक्षिणेपासून पश्चिमेकडे सुमारे ४६ अंश सरकलेला असतो, शेवटी ६२ अंश.

उत्तरेच्या गोलपुढे उभा असलेला गोलरक्षक दक्षिणेकडे पाहतो, म्हणजे पश्चिम त्याच्या उजव्या हाताला येते. समोरून येणाऱ्या फटक्यात सूर्य त्याच्या डोळ्यांत थेट येत नाही. पण उजवीकडून येणारा क्रॉस आणि त्या बाजूचा कॉर्नर सूर्याच्या बाजूनेच येतात. आता चेंडूची उंची पाहा. ३० मीटर अंतरावर १० मीटर उंच असलेला चेंडू सुमारे १८ अंशांच्या कोनात दिसतो. पूर्वार्धात सूर्य नेमका याच पट्ट्यात असतो.

सर्वसाधारण सल्ला असा असतो की उत्तरार्धात सूर्य पाठीशी ठेवा, कारण तेव्हा तो सर्वांत खाली असतो. दिल्लीच्या हिवाळ्यात मला हा सल्ला उलटा वाटतो. १० अंशांवरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत साडेपाचपट हवेतून येतो, त्याहून खाली आणखी जास्त. त्यात डिसेंबरातली दिल्लीची धुरकट हवा. पावणेपाचनंतर बऱ्याच दिवशी सूर्य म्हणजे नुसती नारिंगी थाळी असते, तिच्याकडे सहज पाहता येते. म्हणून नाणेफेक जिंकल्यास पूर्वार्धात दक्षिणेचा गोल राखावा. कोल्हापूरच्या स्वच्छ हवेत हेच गणित वेगळे उत्तर देईल.

वाऱ्याचा हिशोब सरळ आहे. हवेचा रोध चेंडू आणि हवा यांच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. चेंडू सेकंदाला २५ मीटर वेगाने मारला आणि वारा ५ मीटर वेगाचा असेल, तर वाऱ्याविरुद्ध सापेक्ष वेग ३०, वाऱ्यासोबत २०. वर्गांचे गुणोत्तर ९०० ला ४००, म्हणजे सव्वादोनपट. रोधगुणांक ०.२ धरला तर वाऱ्याविरुद्ध रोध साधारण ४.१ न्यूटन भरतो, आणि चेंडूचे वजन ४.२ न्यूटनच्या आसपास आहे. चेंडूला जणू मागे ओढणारे दुसरे गुरुत्वाकर्षण लागते. वारा दिवसभर एकसारखा राहील याची खात्री नसते, म्हणून अनुभवी कर्णधार आत्ता मिळणारा वारा आधी घेतो.

नाणे दोघांना समान संधी देते, मैदान देत नाही. नियमांनुसार मैदानाची रुंदी ४५ ते ९० मीटर चालते, आंतरराष्ट्रीय सामन्यांना ६४ ते ७५. या मर्यादेत यजमानाला मोकळीक होती. इंग्लंडच्या स्टोक सिटीने आपले मैदान अरुंद ठेवले, कारण त्यांच्याकडे रोरी डिलॅपचा लांब थ्रो-इन होता. ६८ मीटर रुंदीत बाजूच्या रेषेपासून जवळचा गोलखांब सुमारे ३०.३ मीटरवर असतो, ६४ मीटरमध्ये २८.३. हातानेच फेकायचे असल्याने हे दोन मीटर मोठे आहेत. आता बड्या स्पर्धांत १०५ × ६८ हेच माप रूढ झाले, तेव्हा ही वाट जवळजवळ बंद झाली. गवताची उंची आणि पाणी उरते: कापलेल्या, ओल्या गवतावर चेंडू घसरत वेगाने जातो, कोरड्या उंच गवतावर अडतो. छोट्या पासांच्या संघाला पहिले हवे, अंगावर खेळणाऱ्याला दुसरे. पाहुण्यांच्या खोलीच्या भिंती गुलाबी रंगवण्यासारखे प्रकार मी यात धरत नाही.

सर्वांत मोठा हिस्सा प्रेक्षकांचा असावा. २०२० मध्ये रिकाम्या स्टेडियमांत सामने झाले तेव्हा यजमानांचा फायदा बऱ्याच लीगांत घटला, आणि पाहुण्यांना जास्त पिवळी कार्डे मिळण्याचा कलही कमी झाला. बाजूचा संबंध इथेही येतो. लिव्हरपूलला उत्तरार्धात आपल्या कॉप स्टँडकडे हल्ला करायला आवडते. नाणेफेक जिंकणारे पाहुणे कधीकधी मुद्दाम त्यांना उलटे फिरवतात.

आता आपल्याकडे या. कोल्हापुरात पाटाकडील तालीम असो की दिलबहार, सगळे शाहू स्टेडियमवरच खेळतात. दिल्लीच्या स्थानिक लीगचे कितीतरी सामने असेच आंबेडकर स्टेडियमवर झाले. मैदान सर्वांचे असले की गवत, रुंदी, ओळखीची उसळी यांतून कोणालाच काही मिळत नाही. उरते ते प्रेक्षकांचे संख्याबळ आणि नाणे. म्हणून अशा लीगमध्ये बाजूची निवड इंग्लंडपेक्षा जास्त गंभीरपणे घ्यायला हवी, आणि नेमकी तिथेच ती सवयीने उरकली जाते.

पेनल्टी शूटआउटमध्ये तर सर्व फटके एकाच गोलवर होतात. याच आंबेडकर स्टेडियमवर २००९ च्या नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने सीरियाला ५-४ असे शूटआउटमध्ये हरवले, गोलरक्षक सुब्रत पाल त्या विजयाचा नायक ठरला. तेव्हा कोणता गोल वापरायचा हे पंच ठरवत. २०१६ पासून त्यासाठीही नाणे उडवतात, आणि पहिला फटका कोणाचा यासाठी पुन्हा एकदा.