सव्वाचार इंचांसाठी शंभर एकर

गोल्फमध्ये चेंडू ज्या होलात घालायचा, त्याची रुंदी अवघी सव्वाचार इंच. चेंडू 46 ग्रॅमच्या आतला. आणि असे अठरा होल मांडायला जमीन लागते शंभर एकरांहून जास्त! वीतभर बांधासाठी भाऊबंदांना कोर्टात खेचणाऱ्या आम्हा खानदेशी मंडळींनी तोंडात बोटं घालावीत असाच हा हिशेब.

जळगाव-धुळ्याच्या काळ्या मातीला हा खेळ मानवणं कठीणच. वैशाखात जमिनीला अशा भेगा पडतात की चेंडू होलाआधी भेगेतच गडप व्हायचा. नाशिक मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर, हवा सौम्य. तिथे इंग्रज साहेबांनी रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब थाटला.

भारतात गोल्फ किती जुना आहे, हे कळलं की डोळे विस्फारतात. कलकत्त्याचा क्लब 1829 चा, मुंबईचा 1842 चा. न्यूयॉर्कजवळचा नामांकित सेंट अँड्र्यूज क्लब निघाला तो थेट 1888 साली! पण या खेळाच्या माहेरची, स्कॉटलंडातली हिरवळ इथे आणायची कुठून? मग भारतात कितीतरी ठिकाणी होलाभोवती वाळूत तेल कालवून गुळगुळीत थर पसरत. त्याला ‘ग्रीन’ नव्हे, ‘ब्राऊन’ म्हणत. मला तर मूळ खेळापेक्षा ही युक्तीच जास्त आवडते.

नाशिकचं गोल्फ क्लब मैदान आज त्र्यंबक रस्त्यावर, ईदगाह मैदानाच्या शेजारी, भर शहरात आहे. त्याचं अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात या कोवळ्या तरुणाने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. साहेबांच्या खेळाच्या जागेला साहेबाला मारणाऱ्याचं नाव. तरी रोज सकाळी चालायला येणारे ‘गोल्फ क्लबवर जातो’ असंच सांगतात.

आता तिथे रणजी सामने होतात. क्रिकेटची सीमारेषा फार तर 90 यार्डांवर. गोल्फचा बरा फटका 200 यार्ड सहज ओलांडतो. खेळपट्टीवरून कुणी तसा हाणलाच, तर चेंडू त्र्यंबक रस्त्यावरच्या रिक्षांमध्ये शोधावा लागेल.