उपनगरी रेल्वेचे भांडवल कोठून येते?

जयपूर शहरातील सी-स्कीम हा भाग आज बँका, विमा कंपन्या, सनदी लेखापालांची कार्यालये आणि उपाहारगृहे यांनी गजबजलेला असतो. जयपूर संस्थानचे तत्कालीन पंतप्रधान मिर्झा इस्माईल यांच्या काळात, म्हणजे १९४० च्या दशकात, तटबंदीच्या जुन्या शहराबाहेर दक्षिणेच्या बाजूस ज्या नियोजित वसाहती आखण्यात आल्या, त्यांपैकी ही एक. जवळच्या एम. आय. रोडला त्यांचेच नाव आहे. रुंद रस्ते, मोठे भूखंड आणि झाडीतले बंगले हे या आखणीचे वैशिष्ट्य होते. रोजच्या प्रवाशांना ने-आण करणाऱ्या रेल्वेला मात्र तीत स्थान नव्हते. जयपूर मेट्रो सुरू झाली ती ३ जून २०१५ रोजी, मानसरोवर ते चांदपोल या मार्गावर. २०२० मध्ये ती बडी चौपडपर्यंत पोहोचली. हा मार्गही सी-स्कीमच्या आतून न जाता सिव्हिल लाइन्स, रेल्वे स्थानक, सिंधी कॅम्प असा कडेकडेने जातो. तोपर्यंत येथील भूखंड कधीच विकले गेले होते आणि त्यांच्या वाढलेल्या किमती मालकांच्या हाती पडल्या होत्या.

आधी शहर आणि मागून रेल्वे, हा क्रम आपल्याकडे इतका अंगवळणी पडलेला आहे की तो उलटही असू शकतो, याची सहसा आठवण होत नाही. हा क्रम बदलला की रेल्वेच्या हिशेबवहीतील आकडेही बदलतात.

उपनगरी रेल्वेचे अर्थकारण मुळातच अवघड असते. गाडी सकाळी एका दिशेने तुडुंब भरते आणि परतीच्या फेरीत बरीचशी रिकामी धावते. दिवसातील चार-पाच तासांच्या गर्दीसाठी डबे, रूळ आणि कर्मचारी बाळगावे लागतात. उरलेल्या वेळात त्यांचा पुरता उपयोग होत नाही. भाडे वाढवावे तर प्रवासी हा बहुतांशी पगारदार किंवा रोजंदारीवरचा माणूस. मुंबईत द्वितीय वर्गाचा मासिक पास हा साधारणतः पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्याइतका असतो. म्हणजे महिन्यात पंचवीस दिवस जाऊन-येऊन पन्नास फेऱ्या करणारा प्रवासी तिकिटाच्या दराच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी पैसे देतो. सामाजिक दृष्ट्या हे योग्यच आहे. पण एवढ्या उत्पन्नातून नवा मार्ग उभा राहू शकत नाही.

मग रेल्वेपासून होणारा खरा लाभ जातो कोठे? त्याचे उत्तर बँकेच्या गृहकर्ज विभागातील कोणताही अधिकारी देऊ शकेल. मूल्यांकनकाराच्या अहवालात स्थानकापासूनचे अंतर आवर्जून नोंदलेले असते आणि 'स्टेशनपासून चालत पाच मिनिटे' हे चार शब्द जाहिरातीत आले की सदनिकेचा दर चढतो. हा चढलेला दर बांधकाम व्यावसायिकाने निर्माण केलेला नसतो, जमीनमालकाने तर नाहीच. तो रुळांनी निर्माण केलेला असतो. प्रश्न एवढाच की, त्यातील काही भाग रुळांकडे परत येतो की नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका बँक कर्मचाऱ्याने शोधले, ही आपल्या वाचकांना विशेष वाटावी अशी गोष्ट आहे. इचिझो कोबायाशी (१८७३-१९५७) यांनी मित्सुई बँकेत सुमारे चौदा वर्षे नोकरी केली आणि १९०७ मध्ये ती सोडून ओसाकाजवळच्या एका नियोजित विद्युत रेल्वे कंपनीत प्रवेश केला. रशिया-जपान युद्धानंतरच्या मंदीमुळे कंपनीचे भागभांडवल पुरते जमत नव्हते. मार्गही असा की, एका टोकाला ओसाका शहर आणि दुसऱ्या टोकाला डोंगरपायथ्याची छोटी गावे, मध्ये शेते. इतक्या विरळ वस्तीतून प्रवासी मिळणार कोठून, असे गुंतवणूकदारांना वाटत होते. कोबायाशी नियोजित मार्गावरून पायी चालत गेले आणि त्यांच्या ध्यानात आले की, ज्या गोष्टीला सारे दोष मानतात तीच या मार्गाची पुंजी आहे. शेतजमीन स्वस्त होती. कंपनीने ती आधीच विकत घ्यावी, रेल्वे सुरू करावी, तेथे घरे बांधून विकावीत, म्हणजे घरांचा नफाही मिळेल आणि त्या घरांतील माणसे कायमचे प्रवासीही होतील.

मार्च १९१० मध्ये ओसाकातील उमेदा ते ताकाराझुका हा सुमारे २५ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. त्याच वर्षी इकेदा येथे स्थानकानजीक दोनशेच्या आसपास घरांची वसाहत विक्रीस काढण्यात आली. दर्शनी भाव अडीच हजार येन. पैकी वीस टक्के रक्कम आगाऊ आणि उरलेली दहा वर्षे दरमहा २४ येनप्रमाणे. हिशेब केल्यास दोन हजार येनांच्या कर्जावर एकूण २,८८० येनांची परतफेड होते. आजच्या समान मासिक हप्त्याच्या रीतीने मोजले तर व्याजदर वर्षाला सुमारे पावणेआठ टक्के पडतो. पगारदार माणसाला हप्त्याने घर देण्याची ही कल्पना त्या काळी तेथे अगदी नवी होती. रेल्वे कंपनी येथे सावकारही झाली होती, आणि तारण होते तिच्याच रुळांमुळे भाव वाढणाऱ्या घराचे!

रिकाम्या परतीच्या गाड्यांचाही त्यांनी विचार केला. ताकाराझुका या शेवटच्या स्थानकाजवळ १९११ मध्ये गरम पाण्याचे स्नानगृह आणि करमणूक केंद्र उभारले. १९१४ मध्ये तेथे मुलींच्या संगीत नाट्यपथकाचे प्रयोग सुरू झाले. ते पथक आजही प्रसिद्ध आहे. म्हणजे सुट्टीच्या दिवशी शहरातील कुटुंबे उलट दिशेने प्रवास करू लागली. १९२९ मध्ये उमेदा स्थानकातच कंपनीचे भव्य विक्रीभांडार उघडले. घर, करमणूक, खरेदी या सर्वांना जोडणारा धागा रेल्वेचा. पुढे हांक्यू या नावाने ओळखल्या गेलेल्या या कंपनीचे अनुकरण जपानमधील इतर खासगी रेल्वे कंपन्यांनी केले.

तोक्योच्या नैर्ऋत्येकडील देन-एन-तोशी मार्गाची पद्धत थोडी निराळी आणि आपल्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. १९५३ मध्ये तोक्यू कंपनीचे प्रमुख केइता गोतो यांनी या डोंगराळ शेतीच्या पट्ट्यात नवे उपनगर वसवण्याची योजना मांडली. सगळी जमीन विकत घेणे परवडणारे नव्हते. तेव्हा शेतकऱ्यांचे संघ स्थापन करून 'भूखंड पुनर्रचना' करण्यात आली. प्रत्येक शेतकरी आपल्या जमिनीचा काही हिस्सा रस्ते, उद्याने आणि एक राखीव साठा यांसाठी देई. उरलेली जमीन त्याला सुबक, रस्त्यालगतच्या भूखंडाच्या रूपात परत मिळे. क्षेत्र कमी, पण किंमत अधिक. कामाचा खर्च कंपनी करी आणि मोबदल्यात राखीव साठ्यातील जमीन घेई. मिझोनोकुची ते नागात्सुता हा रेल्वेचा टप्पा १९६६ मध्ये सुरू झाला. शेतकरी या व्यवहारातून बाहेर फेकला गेला नाही. भाववाढीत तो भागीदार राहिला. (या यशाची किंमत प्रवाशांनी मोजली, हेही सांगायला हवे. करोनापूर्व काळात सकाळच्या वेळी हा मार्ग तोक्योतील सर्वाधिक गर्दीच्या मार्गांत गणला जाई.)

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या जुन्या उपनगरी मार्गांची कथा वेगळी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती प्रामुख्याने दूरच्या व्यापाराच्या ओढीने. उपनगरे तिच्या आधाराने हळूहळू वाढली आणि त्यांच्या जमिनींच्या किमतीशी रेल्वेच्या तिजोरीचा फारसा संबंध आला नाही. जपानी रीतीच्या जवळ जाणारा प्रयोग महाराष्ट्रात झाला तो नवी मुंबईत.

चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको महामंडळाची स्थापना झाली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ९५ गावे एवढा तिचा आवाका होता. शासनाकडून मिळालेले बीजभांडवल मात्र ३.९५ कोटी रुपये. एवढ्या पैशात शहर उभे राहत नाही, हे उघड होते. म्हणून जमीन हेच भांडवल मानण्यात आले: जमीन घ्यायची, विकसित करायची, विकायची आणि त्या पैशातून पुढचा विकास करायचा.

परंतु रेल्वे वेळेवर आली नाही. १९७३ मध्ये ठाणे खाडीवर रस्त्याचा पूल झाला, वाशीत वसाहती उभ्या राहिल्या, आणि हार्बर मार्गाची गाडी मात्र १९५१ पासून मानखुर्दलाच थांबत होती. खाडी ओलांडायला तिला चार दशके लागली. रेल्वेच्या दृष्टीने हा मार्ग तोट्याचा, कारण पलीकडे पुरेशी वस्ती नाही. आणि वस्ती वाढत नाही, कारण रेल्वे नाही. कोबायाशींच्या गुंतवणूकदारांची शंका येथे सरकारी टिपणीच्या रूपाने पुन्हा अवतरली होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

कोंडी फुटली ती खर्चाच्या वाटणीमुळे. मार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलावा, असे ठरले. ९ मे १९९२ रोजी मानखुर्द-वाशी मार्ग सुरू झाला; १९९३ मध्ये गाडी बेलापूरला आणि १९९८ मध्ये पनवेलला पोहोचली. ठाणे-तुर्भे-वाशी मार्ग २००४ मध्ये सुरू झाला. सिडकोने आपला वाटा तीन वाटांनी भरून काढण्याची योजना केली. स्थानकाभोवतीची जमीन विकणे ही पहिली. स्थानकाची इमारतच व्यापारी संकुल म्हणून बांधणे ही दुसरी. वाशी आणि बेलापूर येथे फलाटावरून उतरलेला प्रवासी थेट दुकाने आणि कार्यालये असलेल्या इमारतीत येतो, तो यामुळे. तिसरी वाट म्हणजे तिकिटावरील अधिभार. यातील पहिल्या दोन वाटा हांक्यूच्या धर्तीच्या आहेत. तिसरीत भार पुन्हा प्रवाशावरच येतो. भाववाढीचा मोठा लाभ सदनिका आधी घेणाऱ्यांना झाला आणि पासधारकाने, मग तो भाड्याच्या खोलीत का राहत असेना, अधिभार भरला. या वाटणीला न्याय्य म्हणणे कठीण आहे.

स्थानकाजवळच्या जमिनीचे मोल किती वाढू शकते, याचा दाखला सीवूड्स-दारावे येथे मिळतो. तेथील स्थानक व लगतची सुमारे १६ हेक्टर जमीन विकसित करण्याचे हक्क २००८ मध्ये लार्सन अँड टुब्रो कंपनीने सुमारे १,८०० कोटी रुपयांना घेतले. १९७० च्या जवळपास चार कोटींशी हा आकडा ताडून पाहण्याजोगा आहे.

ही जमीन आली मात्र आगरी, कोळी आणि इतर भूमिपुत्रांकडून. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांची जमीन भूसंपादन कायद्याने, शेतीच्या भावाने घेतली गेली. नव्या शहराच्या भाववाढीत त्यांना वाटा नव्हता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेले आंदोलन याच मुद्द्यावर होते. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलकांचा बळी गेला. त्यानंतर, १९९० मध्ये, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. साडेबारा टक्क्यांचा भूखंड हा शब्दप्रयोग नवी मुंबई व पनवेलच्या शाखांतून काम केलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या परिचयाचा आहे. तारण म्हणून आलेल्या कागदपत्रांत तो वारंवार भेटतो. तो कागद कोणत्या किमतीला मिळाला, हे मात्र दस्तऐवजात लिहिलेले नसते.

याच उरण परिसरात रेल्वे पोहोचली ती आणखी उशिरा. नेरूळ-बेलापूर-उरण हा सुमारे २७ किलोमीटरचा मार्गही सिडको ६७ व रेल्वे ३३ याच प्रमाणात बांधला गेला. खारकोपरपर्यंतचा टप्पा नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि उरणपर्यंतचा १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. या वेळी काही अंशी क्रम जपानी होता: उलव्याचे बरेचसे भूखंड आणि इमारती रेल्वेच्या अपेक्षेवरच विकल्या गेल्या होत्या. अपेक्षा दहा-दहा वर्षे लांबली तेव्हा हप्ते भरणाऱ्यांचे काय झाले असेल, याची कल्पना कर्ज विभागाला वेगळी देण्याची गरज नाही.

तोक्योत वापरली गेलेली भूखंड पुनर्रचना महाराष्ट्राला अपरिचित नाही. मुंबई नगररचना कायदा १९१५ चा आहे आणि त्याखाली मुंबईच्या उपनगरांत नगररचना परियोजना राबवल्या गेल्या. शतकानंतर ती रीत पुन्हा पुढे आली आहे. नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी, ज्याला 'नैना' म्हणतात, २०१३ मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. येथे सरसकट भूसंपादनाऐवजी नगररचना परियोजना आखल्या जात आहेत: शेतकऱ्याने जमीन एकत्रित करावी, तिच्यातील ४० टक्के विकसित भूखंड म्हणून त्याने ठेवावी आणि उरलेली रस्ते, सुविधा व विक्रीयोग्य साठा यांसाठी जावी. साडेबारावरून चाळीसपर्यंतचा हा प्रवास लहान नाही. तरीही पनवेल तालुक्यातील अनेक गावांचा या योजनेला विरोध आहे. साठ टक्के जमीन सोडण्याचा मोबदला रस्ता आणि रेल्वे प्रत्यक्षात केव्हा येतात यावर अवलंबून आहे, आणि मानखुर्दला चाळीस वर्षे थांबलेली गाडी त्या गावांतील वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे.