काळ्या कुत्र्याची पिकलेली हनुवटी

काळ्या लॅब्रॅडॉरच्या हनुवटीवर पहिले पांढरे केस दिसले की घरातली माणसे उगाच हळवी होतात. घडते ते एवढेच: केसाच्या मुळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी वयाबरोबर कमी होतात आणि नवा केस बिनरंगाचा उगवतो. सुरुवात बहुधा तोंडाभोवती, मग भुवया. फिकट रंगाच्या कुत्र्यांतही हे होते, फक्त डोळ्यांत भरत नाही.

पण तोंड पांढरे म्हणजे कुत्रा म्हातारा, असे लगेच धरू नये. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एक ते चार वर्षांची ४०० कुत्री पाहिली गेली. त्यांत घाबरट आणि उतावळ्या कुत्र्यांची तोंडे लवकर पिकलेली आढळली. (संबंध दिसला इतकेच, कारण सिद्ध झाले नाही.) केरी ब्लू टेरियरची तर तऱ्हाच निराळी. पिल्लू काळे जन्मते आणि दोनेक वर्षांत निळसर राखाडी होते. हा आनुवंशिक गुण.

केस गळून टक्कल पडत असेल, कातडी काळवंडत असेल, तर मात्र थायरॉइड तपासून घ्यावा. आणि माणसांचा कलप कुत्र्याला चुकूनही लावू नये, तो चाटणारच.