बुधवारची रात्र आणि करपलेली पोळी

मैत्रिणींनो, खरं सांगा, बुधवारी रात्री आठ वाजता तुमच्या तव्यावरची पोळी कधी करपली नाही? आमच्या भंडाऱ्याच्या घरी तर ती हमखास करपायची. रेडिओ बैठकीत, चूल मागे आणि मध्ये दोन खोल्या! अमीन सयानी ‘बहनों और भाइयों’ म्हणाले की मी उलथनं हातात घेऊनच दाराशी. बहिणींना आधी मान देणारा माणूस, ऐकायला नको?

ही बिनाका गीतमाला रेडिओ सिलोनवर ३ डिसेंबर १९५२ला सुरू झाली. निमित्त आपल्याच एका मराठी मंत्र्यांचं. बाळकृष्ण केसकरांना सिनेमाची गाणी नावडती, आकाशवाणीवरून ती हद्दपार झाली आणि अख्खा देश सिलोनकडे वळला. १९५७ साली विविध भारती आली, तरी बुधवार सिलोनचाच राहिला.

गाण्याची पायदान ठरायची रेकॉर्डच्या खपावरून आणि श्रोता संघांच्या पत्रांवरून. इथेच माझं घोडं अडायचं. आमच्या गल्लीतल्या संघात सगळी मुलंच, आणि रेकॉर्ड घ्यायची तर पैसे ह्यांच्या खिशातले. म्हणजे चुलीपाशी ऐकणारीची आवड कुणी मोजायचीच नाही का?

१९६६ साली ‘लव्ह इन टोकियो’ आला. मण्यांच्या रबरबँडलाही तेच नाव पडलं, आठवतं ना? त्यातल्या लताबाईंच्या ‘सायोनारा’साठी जाऊबाईंनी आणि मी रद्दीचे पैसे साठवले. माहेरी जाताना सीताबर्डीवरच्या दुकानातून रेकॉर्ड घेतली. घरात ग्रामोफोन नव्हता हो! पण खपात एक आकडा तरी आमचा!

पुढे कळलं, खऱ्या जपानी गाण्याचीही अशीच गंमत झाली होती. क्यू साकामोतो यांचं १९६१चं गाणं. डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून वर बघत चालणाऱ्या माणसाचं. अमेरिकेत पास्को नावाच्या लहानशा गावच्या रेडिओ केंद्रावर ते वाजलं आणि लोकांचे फोन सुरू झाले. शब्द एक कळत नव्हता, तरी जून १९६३मध्ये ते तिकडच्या यादीत तीन आठवडे पहिलं होतं. मूळ नाव जिभेवर बसेना म्हणून साहेबांनी त्याला नाव दिलं ‘सुकियाकी’. म्हणजे काय, तर मांस नि भाज्या घालून केलेला एक जपानी पदार्थ! आपल्या विरहगीताला कुणी ‘पाटवडीचा रस्सा’ म्हटलं तर? बिचारे साकामोतो १९८५च्या विमान अपघातात गेले.

आमची रेकॉर्ड शेजारच्यांच्या ग्रामोफोनवर वाजायची. घरी ह्यांना पत्ता नाही. सासूबाईंना मात्र होता. त्या बोलल्या काहीच नाहीत. फक्त पुढच्या बुधवारपासून सात वाजताच हाक यायची, “पोळ्या आत्ताच लाटून घे गं, तव्यापाशी मी बसते.”