गोंधळाच्या सहा तऱ्हा

‘समजले नाही’ असे विद्यार्थी म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात नेमके काय चाललेले असते? या अवस्थेसाठी इंग्रजीत कन्फ्यूज, पझल, परप्लेक्स, बिविल्डर, बॅफल आणि कन्फाउंड अशी निरनिराळी क्रियापदे आहेत. आपण मात्र बहुतेकांचा अर्थ ‘गोंधळात टाकणे’ असा सांगून मोकळे होतो. रोजच्या बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या हद्दीत शिरतात हे खरे. पण त्यांतील फरक शिक्षकाच्या कामाचा आहे. अडचण वेगळी असेल, तर उपायही वेगळा हवा.

कन्फ्यूज या शब्दाच्या मुळाशी ‘एकत्र ओतणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. दोन रंगीत पाणी एकाच भांड्यात ओतली, की कोणते कुठले ते ओळखता येत नाही. वस्तुमान आणि वजन यांची अशीच सरमिसळ होते. म्हणून एक गोष्ट दुसरी समजणे याला इंग्रजीत कन्फ्यूज हे क्रियापद चालते, पझल चालत नाही. येथे उपाय एकच: दोन्ही गोष्टी वेगळ्या करून दाखवणे. चंद्रावर नेलेल्या दगडाचे वस्तुमान तेच राहते, वजन मात्र सुमारे एक षष्ठांश होते.

पझल म्हणजे कोड्यात टाकणे. येथे सरमिसळ नसते. दोन्ही गोष्टी स्पष्ट असतात, पण त्या एकमेकींशी जुळत नाहीत. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, तरी आपल्याकडे थंडी असते, असे का? असा प्रश्न पडलेला विद्यार्थी विचार करू लागलेला असतो. पृथ्वीच्या कललेल्या अक्षाचे उत्तर त्याच्या हाती लगेच देण्याची घाई करू नये.

परप्लेक्सच्या मुळाशी विणण्याची, गुंतण्याची कल्पना आहे. आपला ‘पेच’ त्याच्या जवळचा. सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या सुमारास येतो. मग पुण्यात कडक उन्हाळा एप्रिल-मे महिन्यांत का? सूर्याची उंची, दिवसाची लांबी, ढग, जमिनीतील ओल असे अनेक धागे येथे गुंतलेले आहेत. ते एकेक करूनच सोडवावे लागतात.

बिविल्डरमध्ये रानात वाट चुकवण्याचा भाव आहे. कोकणात ज्याला ‘चकवा’ म्हणतात, त्याची आठवण व्हावी. एकाच तासाला विद्युतप्रवाह, विभवांतर, रोध, शक्ती आणि त्यांची एकके अंगावर आली, की मूल भांबावते. त्याला प्रश्नही विचारता येत नाही. अशा वेळी मागे वळून ओळखीच्या वाटेवर, म्हणजे एक सेल, एक बल्ब आणि दोन तारा येथपर्यंत, यावे.

बॅफल होतो तो प्रयत्न करून थकलेला माणूस. यंत्रशास्त्रात प्रवाह अडवणाऱ्या किंवा वळवणाऱ्या पट्टीलाही बॅफल म्हणतात. १८५९ मध्ये ल व्हेरिए यांनी बुधाच्या कक्षेतील एक तफावत दाखवली. न्यूटनच्या नियमांनी तिचा हिशेब लागेना. त्यासाठी नवा ग्रह कल्पिला गेला, तो सापडला नाही. अखेर १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने उत्तर दिले. विद्यार्थी असा अडला असेल, तर तीच पद्धत पुन्हा न सांगता दुसरी वाट दाखवावी.

कन्फाउंडचे मूळ कन्फ्यूजचेच. अपेक्षा पार उलटी करून थक्क करणे हा त्याचा एक अर्थ. पण संख्याशास्त्राने ‘एकत्र ओतणे’ हा जुना अर्थ जपला आहे. समजा, खत घातलेली कुंडी उन्हात ठेवली आणि बिनखताची सावलीत. पहिल्या कुंडीतील रोप जोमाने वाढले, तर श्रेय खताचे की उन्हाचे? दोन कारणांचे परिणाम असे मिसळण्याला कन्फाउंडिंग म्हणतात. उपाय प्रयोगाच्या आखणीत आहे: दोन्ही कुंड्यांना ऊन, माती आणि पाणी सारखेच द्यावे.

‘समजले का?’ या प्रश्नाला वर्गातून बहुधा नुसत्या माना डोलतात. त्याऐवजी आपण विचारू या: दोन गोष्टींतला फरक कळत नाही, त्या जुळत नाहीत, धागे गुंतले आहेत, की वाटच दिसत नाही? मुलाला आपली अडचण नावानिशी सांगता आली, तर पुढचे शिकवणे निम्मे सोपे होते.